कोंडाईचा लाल दोरा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका. गावाच्या वेशीवरचा वड तेव्हा बोटाएवढा होता म्हणतात, आणि आज त्याच्या पारंब्यांखाली दोन बैलगाड्या उभ्या राहतात. एवढ्यावरून ज्याचा त्यानं हिशेब करावा.

गावाचं नाव तिताली. मूळ नाव काहीतरी वेगळं होतं, पण गावात तीन तालमी होत्या म्हणून लोक तितालमी म्हणू लागले, आणि घाईघाईत बोलणाऱ्यांनी त्यातला म गिळून टाकला. वरच्या आळीला पट्ट्याची तालीम, वेशीजवळ लाठीची आणि ओढ्याकाठी कुस्तीची. प्रत्येक तालमीचा एक वस्ताद, आणि तिन्ही वस्ताद असे की त्यांच्या गोष्टी ऐकून पाहुणे जेवण विसरत.

पट्ट्याचे वस्ताद शिदोजी. पट्टा म्हणजे उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं लांब लवलवतं पातं आणि कोपरापर्यंत येणारी लोखंडी मूठ. तलवार हातात धरतात, पट्ट्यात हात घालतात. असं म्हणतात, शिदोजी भर श्रावणसरीत पट्टा फिरवत घरापासून देवळापर्यंत गेले आणि त्यांच्या पागोट्यावर थेंब पडला नाही. लाठीचे वस्ताद म्हाळू. खळ्यावर वारा पडला की लोक त्यांना बोलावणं धाडत. ते खळ्याच्या कडेला उभे राहून लाठी गरगर फिरवत, आणि भूस एकीकडे, दाणा एकीकडे होई. आणि कुस्तीचे वस्ताद हैबती. कुणाची म्हैस विहिरीत पडली तर तितालीत दोर शोधत नसत, हैबतींना हाक मारत.

आता इतके थोर लोक एका गावात म्हटल्यावर भांडण आलंच. कोणती विद्या मोठी? पट्टेकरी म्हणत, दहाजणांनी घेरलं तर पट्ट्यावाचून कोण वाचवील? लाठीवाले म्हणत, तुमचा पट्टा पोचायच्या आत आमची लाठी डोक्यात बसते, आणि तिला ना लोहार लागतो ना म्यान. मल्ल म्हणत, हत्यार घरी राहिलं तर तुम्ही दोघं काय कराल, आमचं हत्यार तर अंगातच आहे. मग उणी निघत. मल्ल एकाला मिठी मारतो तोवर दुसरा येऊन त्याचं टाळकं फोडतो. लाठीला अंगणभर जागा लागते, बोळात ती भिंतीलाच बडवते. पट्टा कुठं रुतला तर हात सुटत नाही, आणि हाताबरोबर मालकही तिथंच अडकतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ प्रत्येकाला लख्ख दिसे, आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ काढायचं नाव नाही.

नाव काढायचं नाही, हे तर अगदी खरं. कारण तिन्ही तालमींत, बाकी कशावर नसलं तरी एका गोष्टीवर एकमत होतं. आपल्या हत्याराचं उणं आपल्या तोंडानं कधी बोलायचं नाही. बोललं की ते खरं होतं. हत्यार ऐकतं आणि रुसतं. आयाबाया पोरांना हेच सांगत, आणि पोरं मोठी होऊन आपल्या पोरांना हेच सांगत.

तिन्ही तालमींचं उणं गावात एकाच माणसाला नेमकं ठाऊक होतं, आणि ती होती कोंडाई.

कोंडाई चांभारवाड्यातली. ढाली मढवायच्या, लाठीवाल्यांच्या चामड्याच्या मनगटपट्ट्या शिवायच्या, मल्लांचे कातडी जांगिये सांधायचे, हे तिचं काम. तिन्ही तालमींचं फाटकं तिच्याच ओसरीवर येई. आणि फाटकं खोटं बोलत नाही. पट्टेकऱ्यांच्या ढाली सदा डावीकडे, खालच्या काठाला तुटलेल्या येत. उजव्या हातानं पट्टा फिरवताना डावा गुडघा उघडा पडतो, आणि ढाल घाईनं तिथं खाली धावते. लाठीवाल्यांची पुढच्या हाताची मनगटपट्टी फाटे, मागच्या हाताची वर्षानुवर्षं नवी राही. मल्लांच्या जांगियाची मागची शिवण उसवे, कारण मल्लाचं सगळं लक्ष पुढच्या गड्यावर. कोंडाईनं आयुष्यात हातात काठी धरली नव्हती, पण कोणता वस्ताद कुठं मार खातो, हे ती आरी टोचता टोचता सांगू शकली असती.

सांगत मात्र नसे. ती शिवून देई. आणि तिची शिवण अशी की दिसायचीच नाही. मेण लावलेला काळा दोरा, वर तेलातली काजळी, वर तळहातानं घासणं. असं म्हणतात, कोंडाईनं सांधलेल्या ढालीवर मुंगी सोडली तर तिलासुद्धा सांधा कळत नसे. तालीमवाले ढाल उलटीसुलटी करून बघत आणि म्हणत, वा, कोरी करकरीत झाली. कोंडाईला याचा अभिमान होता. का नसावा? मार लपवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

तिचा नवरा नागोजी पट्ट्याच्या तालमीतला. उमदा गडी, हसरा, आणि शिदोजींचा सगळ्यात लाडका. त्याची ढाल तीन वर्षांत पाच वेळा कोंडाईच्या हाताखालून गेली. पाचही वेळा तुटली ती एकाच जागी, डावीकडे, खालच्या काठाला, मुठीएवढ्या जागेत. पाचव्या वेळी तिथं चामडं कमी आणि दोराच जास्त झाला होता. कोंडाईच्या अगदी ओठांवर आलं की धनी, गुडघा सांभाळा. पण नवऱ्याच्या हत्याराचं उणं बायकोनं काढायचं म्हणजे भलताच अपशकुन. तिनं ओठ मिटले, दोरा जरा जास्त घट्ट ओढला आणि काजळी जरा जास्त चोळली.

चैत्रातल्या जत्रेत, लाठीच्या तालमीपुढच्या माळावर, पट्टा आणि लाठीचा खेळ लागला. खेळच होता तो, पट्ट्याला धार नव्हती. एका बाजूला नागोजी, दुसऱ्या बाजूला खुद्द म्हाळू वस्ताद. ढोल वाजत होता, बायका दरडीवर बसून बघत होत्या, त्यांत कोंडाईही होती. म्हाळूंची लाठी वर गेली, फिरली, आणि खाली डावीकडे उतरली. ढाल वेळेवर तिथं पोचली होती. पण ती जागा फाटली, लाठी आत शिरली, गुडघा फुटला, आणि नागोजी मागं कोसळला तो तालमीच्या दगडी उंबऱ्यावर. पुन्हा उठला नाही.

बायका रडल्या. कोंडाई रडली नाही. तिनं नवऱ्याच्या हातातली ढाल सोडवून घेतली आणि त्या भोकाकडे बघत बसली. भोकाच्या कडांनी तिचेच टाके लोंबत होते. त्या क्षणी तिला जे कळलं ते फार वाईट होतं, आणि ते सांगायला तिला गावात कुणी नव्हतं.

तेराव्या दिवशी तिचा मुलगा सटवाजी पुढं आला. तोही पट्ट्याच्या तालमीतला, बापासारखाच उंचापुरा, आता हसणं तेवढं गेलं होतं. पट्ट्याच्या तालमीनं ठरवलं होतं की झालं तो खेळ नव्हता, खून होता. येत्या खंडेनवमीला, म्हणजे हत्यारं पुजायच्या दिवशी, धारेचे पट्टे घेऊन माळावर उतरायचं. लाठीवाले म्हणाले, आम्हीही लाठ्यांना लोखंडी बोंडं बसवतो. मल्लांना कुणी बोलावलं नव्हतं, पण आपण गेलो नाही तर भ्यालो म्हणतील, म्हणून त्यांनीही यायचं ठरवलं. कोणती विद्या मोठी याचा कायमचा निकाल लागेल, असं सगळे म्हणत होते, आणि पहिला उतरणार होता सटवाजी, म्हाळूंच्या समोर.

"आये, बाची ढाल शिवून दे," तो म्हणाला. "पर शिवण दिसाया नगं."

कोंडाईनं मान हलवली. पण तो गेल्यावर ती भिंतीतल्या देवळीपाशी गेली. तिथं तिचा कुंकवाचा करंडा होता, तोंडोतोंड भरलेला. आता तो तिच्या काय कामाचा? तिनं तो सगळा पाण्यात उपडा केला आणि कोऱ्या पांढऱ्या दोऱ्याचं आख्खं रीळ त्यात बुडवलं. कुंकवाचा रंग धुतला की जातो, हे पोरालासुद्धा ठाऊक आहे. पण असं म्हणतात, तो दोरा वाळला तेव्हा जास्वंदीसारखा झाला होता, आणि पुढं पाण्यानं, तेलानं, उन्हानं, कशानंच त्याचा रंग उतरला नाही.

त्या दोऱ्यानं तिनं ढाल शिवली. जाड, रुंद, लांबून दिसतील असे टाके घातले. सटवाजीनं ती पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. आई एवढी शोकात आहे म्हणून तो बोलला नाही, पण बाहेर जाऊन त्यानं त्या शिवणीला तेल-काजळी फासली. सकाळी पाहतो तर काजळी चामड्यावर होती आणि दोरा तसाच लाल. त्यानं पुन्हा फासली. तिसऱ्या दिवशी त्यानं नाद सोडला.

पावसाळा सरला. दमट हवेत बुरसलेलं, उसवलेलं सगळं सामान रिवाजाप्रमाणे तिन्ही तालमींतून कोंडाईकडे आलं. दर वर्षी ती नवं फाटलेलं शिवून परत करी. या वर्षी तिनं जुनंही सोडलं नाही. वीस वर्षांत जिथं जिथं तिनं मार लपवला होता, ती प्रत्येक शिवण तिला पाठ होती. तिनं एकेक उसवली आणि लाल दोऱ्यानं पुन्हा घातली. बोटं सोलून निघाली. शेजारणी विचारत, एवढं काय गं शिवतेस? ती म्हणे, ऋण आहे. असं म्हणतात, रीळ एकच होतं आणि ते शेवटपर्यंत सरलं नाही. सामान तिनं पोचतं केलं ते खंडेनवमीच्या आदल्या दिवशी.

मग काय, गाव पेटलं. कधी एका पंगतीला न बसणारे तिन्ही वस्ताद त्या दिवशी एकत्र कोंडाईच्या दारात उभे राहिले. हाही एक चमत्कारच म्हणायचा. हैबतींनी जांगिया नाचवत विचारलं की हे काय थेर आहेत, माझ्या पोरांच्या ढुंगणावर लाल रांगोळी काढलीस ती! म्हाळू आपली मनगटपट्टी घेऊन मागं उभे राहिले. चैत्रापासून ते कुणाशीच फारसं बोलत नव्हते. शिदोजी मात्र रागानं पुढं सरसावले.

"कोंडाई, तू शत्रूला जागा दावून दिलीस," ते म्हणाले.

कोंडाई आरी पुसत होती. ती उठली नाही.

"शत्रूला ती जागा ठावं हाय, वस्ताद. घाव त्यानंच घातलाय. ठावं न्हाई ते तुमास्नीच."

दुसरा कारागीर शोधायला वेळ नव्हता, आणि काजळी टिकत नाही हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. तिघं तीन वाटांनी परत गेले.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. झेंडूच्या माळा घातलेली हत्यारं माळावर आली. पट्ट्यांना धार लावलेली, लाठ्यांना लोखंड जडवलेलं. तिन्ही तालमी तीन बाजूंनी उभ्या राहिल्या. गाव दरडीवर बसलं, पण या वेळी कुणी ढोल आणला नव्हता. कोंडाई सगळ्यांत पुढं बसली. तिनं करायचं ते केलं होतं, आणि त्याचा उपयोग होईल की मुलाचा जीव जाईल, हे तिला ठाऊक नव्हतं. नवरा तिनं लपवून घालवला होता. मुलगा दाखवून जातो की काय, या एका विचारानं तिची नजर सटवाजीच्या ढालीवरून हलेना.

इतक्यात सूर्य डोंगराच्या वर आला आणि ऊन माळावर पसरलं. आणि त्या उन्हात सगळा लाल दोरा एकदम उजळला. ढालींच्या काठांवर, मनगटांवर, कंबरांवर, कुणाच्या अंगावर एक, कुणाच्या सात. असं म्हणतात, दरडीवरच्या बायकांच्या तोंडून एकच हाय निघाली, कारण समोर उभे असलेले दीडशे गडी त्यांना आधीच जखमी दिसले. लढाई व्हायच्या आधीच लढाईनंतरचा माळ दिसला.

सटवाजी पुढं सरकला. समोर म्हाळू. सटवाजीला म्हाळूंच्या पुढच्या मनगटावरची लाल पट्टी दिसली, आणि कुठं मारायचं ते कळलं. त्याच वेळी त्याला कळलं की म्हाळूंनाही आपल्या ढालीचा डावा काठ दिसतो आहे. त्यानं ढाल खाली घेतली. म्हाळूंनी मनगट मागं घेतलं. सटवाजी डावीकडे वळला, म्हाळू उजवीकडे. पट्टा उगारला तर गुडघा उघडा पडत होता, लाठी उगारली तर मनगट. आपला मार कुठं बसणार आणि आपल्याला कुठं बसणार, हे दोघांनाही इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. असं म्हणतात, दोघं प्रहरभर एकमेकांभोवती फिरत राहिले, आणि हत्याराला हत्यार लागलं नाही. माळावर त्यांच्या पावलांचं रिंगण उमटलं. तिथं आजही गवत उगवत नाही.

शेवटी म्हाळू थांबले. त्यांनी लाठीचं टोक जमिनीला टेकवलं, आणि आजवर तितालीत कुणी केलं नव्हतं ते केलं.

"लाठीला जागा लागती," ते मोठ्यानं म्हणाले. "मानूस हाताच्या आत शिरला, की लाठी म्हंजे नुसतं जळण. आन् हे पुढचं मनगाट कायम उघडं. हे माझ्या लाठीचं उणं हाय."

यातलं गावाला नवं काहीच नव्हतं, पट्टेकरी आणि मल्ल हेच तर वर्षानुवर्षं ओरडत होते. नवं होतं ते सांगणारं तोंड. लोक लाठीकडे बघत राहिले. ती रुसली नाही, मोडली नाही, वस्तादांच्या हातात होती तशीच राहिली.

म्हाळू सटवाजीच्या हातातल्या ढालीकडे बघत पुढं बोलले. "नागोजीची जागा मला ठावं हुती. पाच खेळात पाच येळा म्या तिथंच हाणलं. पर दर खेपंला ढाल कोरी दिसायची. मला वाटलं, हिला काय हुईत न्हाई. म्हनून त्या दिशी जोर लावला."

हे ऐकलं आणि कोंडाई उठली. आजवर ती स्वतःला एवढंच म्हणत आली होती की मी सांगितलं नाही, लपवलं. आज तिला कळलं की तिच्या हातानं त्याहून जास्त केलं होतं, मारणाऱ्यालाही फसवलं होतं. ती चालत रिंगणाच्या मधोमध आली, मुलाच्या धारेच्या पट्ट्याखालून, आणि सगळ्या गावाकडे तोंड करून उभी राहिली.

"माझं बी उणं ऐका," ती म्हणाली. "माझी शिवण दिसत नव्हती."

एवढंच म्हणाली, आणि जे रडणं चैत्रात आलं नव्हतं ते आता आलं.

सटवाजीला मूठ काढायला वेळ लागला. पट्टा तसाच असतो, चटकन सुटत नाही. मग त्यानं हात मोकळा केला, ढाल दोन्ही हातांनी वर धरली आणि म्हाळूंच्या समोर नेली. "डावीकडं, खाली. हितं माझं उणं हाय, वस्ताद. बाला ठावं नव्हतं. मला ठावं हाय." म्हाळूंनी त्या लाल टाक्यांवर कपाळ टेकवलं.

मग शिदोजींना बोलणं भागच होतं. पट्ट्यात घातलेला हात वेळेला सुटत नाही, हे त्यांनी कबूल केलं, जणू स्वतःचा दात स्वतः उपटावा तसं. हैबती सगळ्यांत शेवटी बोलले. मल्लाला पाठ नसते, म्हणाले, आणि मागं वळून जांगियावरची लाल रांगोळी सगळ्या गावाला दाखवली. तेव्हा दरडीवरची माणसं रडता रडता हसली. निकाल लागला नाही. म्हणजे लागला, पण जो लावायला आले होते तो नव्हे.

पुढची हकीकत सांगणारे फार रंगवून सांगतात. दोन वर्षांनी तीनशे लुटारू घाटावरून उतरले म्हणे. तितालीच्या वेशीबाहेर मोकळ्या जागेत लाठ्या उभ्या राहिल्या. लाठीच्या आत जो शिरला त्याला पट्ट्यानं घेतलं. पट्टा जिथं अडकला तिथं मल्ल धावला. आणि मल्लाच्या पाठीशी पुन्हा एक लाठी होती. प्रत्येकाच्या लाल दोऱ्यावर शेजारच्याचा हात होता. असं म्हणतात, लुटारूंना शेवटपर्यंत मारायला जागा सापडली नाही, आणि कोंडाई वेशीत बसून शिवत होती. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तीनशेचे तीस असतील, आणि मान वर केली असेल. तिचा मुलगा तिथं होता.

कोंडाई गेली तेव्हा तिन्ही तालमींनी मिळून तिला खांदा दिला. आजवर तसा मान एकाही वस्तादाला मिळालेला नाही. नागोजीची ढाल तिच्या घरच्या ओसरीवर टांगली होती. चामडं केव्हाच कसरीनं खाल्लं. दोरा तेवढा उरला आहे, ढालीच्या आकारात, जाळ्यासारखा. वारा आला की हलतो. रंग तोच आहे.

तालमी आता नावाला उरल्यात. पण खंडेनवमीला तितालीत अजून हत्यार पुजतात आणि पुजण्याआधी त्याचं उणं मोठ्यानं सांगतात. सुतार रंध्याचं सांगतो, सुईण आपल्या हाताचं सांगते, मास्तर खडूचं सांगतात, ट्रॅक्टरवाला ब्रेकचं सांगतो आणि लोक त्या वर्षी त्याच्या वाटेतून जरा बाजूनं चालतात. गावात काहीही फाटलं, पोराचं दप्तर असो की नवरीचा शालू, ते लाल दोऱ्यानंच शिवतात, दिसेल असं. बाहेरच्या गावचे हसतात. सोयरीक करायला आले तर जास्तच हसतात, कारण तितालीचा बाप मुलीचे गुण सांगायच्या आधी तिच्या नाकावरचा राग सांगतो. पण दिलेली मुलगी कधी परत आली नाही, हेही तेच सांगतात.

आणि घरात एखादं माणूस ओठ मिटून बसलं, काहीतरी ठाऊक आहे पण बोलत नाही असं वाटलं, की तितालीतली म्हातारी माणसं त्याला ओरडत नाहीत, खोदून विचारत नाहीत. जवळ बसतात आणि एवढंच म्हणतात, "लाल दोरा घे." मग थोडा वेळ जातो, आणि ते माणूस बोलतं.